बॉनचं स्थळ

विद्यापीठानं पोरांना नकार कळवल्याचं तुम्ही ऐकलं असेल. विद्यापीठाला नकार कळवणारा माणूस मात्र मी एकच पाहिला. आमचे रणदिवेकाका. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या मराठी मंडळींत कुणाचं पोर आबिटूर, म्हणजे इथली बारावी, पास झालं की काका स्टीलच्या डब्यात कांदेपोहे भरायचे, पोराला आणि त्याच्या बापाला पुढं घालायचे आणि ट्रेननं 'स्थळ बघायला' निघायचे. स्थळ म्हणजे विद्यापीठ. वेबसाइटवरची चित्रं त्यांना चालत नसत. "आल्झो, ऐका," ते म्हणायचे, "फोटोत सगळीच स्थळं देखणी असतात. उंबऱ्यात उभं राहिल्याशिवाय घर कळत नाही."

काका मूळचे मिरजेचे. गिअरबॉक्स बनवण्यात उमर घालवून निवृत्त झालेले. काकू वारल्यापासून एकटे. मिशा अशा, की डिसेंबरात त्यांत पडलेलं बर्फ मार्चमध्ये वितळायचं. आवाजाचं काय सांगू? मिरजेला बहिणीशी बोलताना ते फोन कानाला लावत, पण तो केवळ सभ्यता म्हणून. वाक्यावाक्याला 'आल्झो', म्हणजे 'तर मग', आणि 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', त्यामुळं त्यांचं भांडणसुद्धा एखाद्या सरकारी कचेरीतल्या चर्चेसारखं वाटायचं.

स्थळ बघण्याची त्यांची रीत ठरलेली. आधी शेजारपाजारी चौकशी, म्हणजे विद्यापीठासमोरच्या बेकरीत जाऊन बाईंना विचारायचं, "समोरची मंडळी कशी आहेत हो?" मग संडास बघायचा. मग ग्रंथालय. शेवटी मुख्य इमारतीच्या समोर बसून पोहे उघडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आग्रह करायचा. दक्षिणेकडच्या एका विद्यापीठाला त्यांनी नकार दिला. नाव सांगत नाही, उगाच एखाद्या घराण्याची बदनामी नको. कारण? काका मला म्हणाले, "ग्रंथालयात तासभर बसलो, इनामदार. एकानं जांभई दिली नाही. जिथं कुणी जांभई देत नाही, तिथं पोर सुकतं." पोराच्या बापानं कपाळावर हात मारला. पोरगा मात्र दुसरीकडे गेला आणि इतका बाळसेदार झाला की पहिल्या सुट्टीत त्याच्या आईनं त्याला दारातून परत पाठवलं, 'कोण आपण?' म्हणून!

हे सगळं मी हसत हसत सांगत असे, आमच्याच घरात उपवर मुलगी निघेपर्यंत.

आमची मुक्ता इथंच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून. तिला घरापासून ट्रामनं दहा मिनिटांवरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि बॉनलाही मिळाला. विषय तोच, पदवी तीच. इथं राहिली तर आईच्या हातचं वरण-भात, तिकडे गेली तर कुणाच्या तरी हातचा पास्ता. आणि मुलगी म्हणते, बॉन.

"का पण?" मी विचारलं.

"आइनफाख सो," ती म्हणाली. म्हणजे, असंच.

आता मला सांगा, मी पुण्यात शिकलेला माणूस. मला आयुष्यात कुणी विचारलंच नव्हतं की याच कॉलेजात का. मेरिट लिस्टमध्ये नंबर लागला, गेलो. कारण बिरण यादीनं बघितलं. त्यामुळं माझ्यापाशी कारणांचा अनुभव शून्य, आणि मागतोय मीच! तरी मी जाहीर केलं, "एक कारण दे. एकच. पटलं की खुशाल जा." अठरा पूर्ण झाल्यामुळं ती आम्हाला न विचारता जाऊ शकत होती. पण तिला आमचा होकार घेऊनच जायचं होतं. हे ती बोलली नाही, फक्त खोलीत जाऊन जर्मनमधून रडली. बॉनला उत्तर कळवायची मुदत महिनाअखेरची. अश्विनीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, माझ्याशी अबोला धरला आणि मुलीशीही. कुणाच्या बाजूनं धरलाय ते मात्र सांगेना. शेवटी मीच काकांच्या दारात गेलो.

काकांनी दार उघडलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गेनाऊ. पोहे भिजत टाकतो."

ट्रेनमध्ये काकांनी मुक्ताला एकही प्रश्न विचारला नाही. मला वाटलं होतं, ते तिची उलटतपासणी घेतील. हे तर खिडकीतून गाई मोजत बसले. बॉनला उतरल्यावर बेकरी झाली. बाई म्हणाल्या, "मुलं चांगली आहेत, फक्त सगळे एकदमच येतात." काकांनी समाधानानं मान हलवली. मग संडास झाला, ग्रंथालय झालं. तिथं दोन जांभया आणि एक चक्क घोरणारा सापडला. काकांचा चेहरा उजळला. मग त्या पिवळ्या राजवाड्यासारख्या इमारतीपुढच्या हिरवळीवर आम्ही बैठक मारली. हिरवळ एवढी मोठी, की तिच्या या टोकाला ऊन होतं आणि त्या टोकाला बहुतेक दुसरा ऋतू चालू होता.

एक पिकल्या दाढीचे गृहस्थ सायकल हातात धरून चालले होते. काकांनी त्यांना अडवून पोहे दिले. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी नाक पुसलं आणि दुसरा घास घेतला. "पाहिलंत?" काका माझ्या कानात, म्हणजे अर्ध्या हिरवळीला ऐकू जाईल असं, म्हणाले, "तिखट लागलं तरी ताट सोडलं नाही. घराणं सोशिक आहे."

"अहो काका, पण कारण?"

"तुम्ही इमारत बघताय, इनामदार. मुलीकडे बघा."

मुक्ता बूट काढून पार लांब गवतात पसरली होती. तेवढ्यात पाठीवर भलीमोठी सॅक घेतलेला एक मुलगा थांबला, तिला काहीतरी विचारू लागला. ती उठून बसली, हात लांब करून दाखवलं, इकडून असं, मग डावीकडे असं. तो आभार मानून निघाला. पाच मिनिटांनी तोच मुलगा उलट्या दिशेनं धावत गेला. आमची मुलगी त्या गावात सकाळपासून आलेली, रस्ता काय कपाळ माहीत असणार!

"चूक सांगितलं तिनं," मी म्हणालो.

"चूक का असेना, घरच्यासारखं सांगितलं. पाहुणीला कुणी रस्ता विचारत नाही. आणि पाहुणी सांगतही नाही." काकांनी डब्याचं झाकण लावलं. "चला. होकार कळवा."

"म्हणजे हे कारण?"

"छे! हे मला दिसलं. तिचं कारण तिच्यापाशी."

"मग ते विचारायला नको?"

काका उठून उभे राहिले. मिशीतला एक शेंगदाणा त्यांनी शोधून तोंडात टाकला. "आल्झो, ऐका. कारण नकाराला लागतं. पत्रिका जमत नाही, उंची कमी, घर लांब. होकाराला आजवर कुणी कारण कळवलंय का? तुम्ही वहिनींना हो म्हणालात, तेव्हा काय कारण दिलंत?"

खरंच, काय दिलं होतं? अश्विनी तेव्हा पोह्यांत मीठ विसरली होती आणि मी दोनदा मागून घेतले होते. का? देव जाणे. परतीच्या ट्रेनमध्ये हॅनोवरपर्यंत मी विचार करत होतो. घरी आल्यावर अश्विनीला विचारलं, "तू मला हो का म्हणालीस गं?" ती म्हणाली, "झालं का तुमचं सुरू?" पण अबोला सुटला, आणि त्याच संध्याकाळी बॉनला होकार गेला.

सप्टेंबरात मुक्ता निघाली, तेव्हा काकांनी मला दटावून नारळ आणायला लावला. अश्विनीनं फलाटावर तिची ओटी भरली. जर्मन प्रवासी तांदूळ चुकवत चालत होते. काका लांब उभं राहून मोठ्यानं नाक शिंकरत होते. त्या आवाजाला घाबरून एक कुत्रं चुकीच्या ट्रेनमध्ये चढलं, आणि ते आता म्हणे बर्लिनला सुखात आहे.

आणि मग यंदाच्या वसंतात काकांनी बॉम्ब टाकला. ब्राउनश्वाइग सोडून ते उत्तरेला, समुद्राकाठच्या एका लहानशा बंदरात राहायला निघाले. तिथं ओळखीचं कुणी नाही. मराठी माणूस तर औषधालाही नाही. गाव सगळं मासळीवर जगणारं, आणि काका कांद्याशिवाय कशाचाही वास सहन न होणारे शाकाहारी. अवघ्या मंडळात खळबळ! तब्येत? नाही. बहिणीशी बिनसलं? नाही. एक जण तर म्हणाला, तिथं कुणी बाई असेल. मी विचारून विचारून थकलो. "काका, निदान मिरजेला तरी जा. तिकडे का?"

"अहो, स्थळ बघून आलो," एवढंच. "कळवूनही टाकलंय."

फलाटावर आम्ही सगळे जमलो. जो तो तेच विचारत होता, का, का, का. कावळ्यांची शाळा भरल्यासारखी. काका हसत होते आणि सामान मोजत होते. ट्रेन लागायच्या बेतात असताना जिन्यावरून मुक्ता धावत आली. बॉनहून पहाटेच निघालेली, केस विस्कटलेले, हातात प्लास्टिकचा डबा. त्यात तिनं केलेले पोहे. काकांनी तिथंच झाकण उघडून चिमूटभर तोंडात टाकले.

"शेंगदाणे करपवलेस, मुक्ते."

"या," ती म्हणाली. म्हणजे, जर्मनमधून हो.

"आल्झो. चालतील. समुद्रासमोर बसून खाईन. येणाऱ्याजाणाऱ्याला देईन."

एवढ्या गर्दीत ती एकटीच त्यांना काही विचारत नव्हती. वाकून तिनं नमस्कार केला. काका ट्रेनमध्ये चढले. ट्रेनचं दार मिटायला लागलं तशी ती दारापाशी गेली आणि आयुष्यभर आम्हाला जर्मनमधून उत्तरं देणारी आमची मुलगी सगळ्या फलाटाला ऐकू जाईल अशा मिरजेच्या आवाजात ओरडली,

"आजोबा, पोचलात की कळवा!"