आधी पोच घे

मी एकदा माझ्या नवऱ्याची खोटी सही केली आहे. एकदा म्हणजे एका दुपारी, मोजून सत्तावीस ठिकाणी. बँकेने कर्जाच्या कागदांवर जिथे जिथे पेन्सिलीने फुली मारून ठेवली होती, तिथे तिथे. आता पासष्टी उलटली, दोन नातवंडांची आजी झाले, म्हणून सांगायला हरकत नाही. नात हे वाचून म्हणाली, "आजी, हे छापू नकोस हं, हा गुन्हा आहे." म्हटलं, गुन्ह्यापेक्षा मूर्खपणा मोठा होता गं, तो ऐक.

सही झकास जमली होती. जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर दोन दिवस सराव केला होता मी. शेवटचा झोका, खालची रेघ, रेघेखालची दोन टिंबं, सगळं. शाळेत पोरांची कॉपी पकडण्यात माझी हयात गेली, त्यामुळे नक्कल कुठे फसते ते मला चांगलं ठाऊक होतं. फक्त एक गोष्ट विसरले. त्याच फायलीत, आठच दिवसांपूर्वी, मी माझ्या वळणदार अक्षरात लिहून दिलेला अर्ज लावलेला होता : 'माझे पती बोटीवर नोकरीस असून पुढील पाच महिने घरी येऊ शकत नाहीत.'

कर्जखात्यातल्या साहेबांनी आधी अर्ज वाचला. मग सह्या पाहिल्या. मग माझ्याकडे बघून अगदी मऊ आवाजात विचारलं, "मॅडम, मिस्टर काय पोहत आले?"

सगळी बँक हसली. पाणी देणारा शिपाईसुद्धा ग्लास खाली ठेवून हसला. साहेबांनी मग हसू आवरून फाईल मिटली आणि सांगितलं की ही केस होऊ शकते, नोकरी जाऊ शकते, आणि कर्ज तर विसराच.

संध्याकाळी हे सगळं मी ज्या बाईंना रडत रडत सांगितलं, त्या मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्या जे विचारायच्या तेच मला विचारलं.

"पोच घेतलीस?"

"कसली पोच, बाई? मला पोलीस नेतील!"

"पोलीस राहू दे. पहिला अर्ज दिलास त्याची पोच घेतलीस का?"

नव्हती घेतली. सव्वीस वर्षं नोकरी केलेली शिक्षिका मी, आणि दीड महिना बँकेत कागद देत होते ते देवळात फुलं वाहावीत तसे. वाहिले, हात जोडले, घरी आले.

अशी एक बाई तुमच्याही आसपास असेल. आमच्या मुलुंडच्या इमारतीत ती तळमजल्यावर राहायची. मूळची मराठवाड्याकडची, लग्न होऊन घाटकोपरच्या टेकडीवरच्या वस्तीत आलेली. संसार सांभाळून रात्रशाळेत शिकली, महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात लागली, आणि एकतीस वर्षं तिथल्या खिडकीत बसून निवृत्त झाली. बारीक चण, पांढरी सुती साडी, पायात पुरुषी सँडल. घरात भिंतीवर निळ्या कोटातली तसबीर आणि तिच्याखाली फायलींची रांग. लोक तिच्याकडे अर्ज लिहून घ्यायला यायचे. ती लिहून द्यायची नाही. पेन पुढे करायची. "तुझा अर्ज, तुझं अक्षर. मी फक्त चुका काढीन." आणि अर्ज कायम दोन प्रतींत. एक प्रत त्यांना, दुसरीवर त्यांचा शिक्का, तारीख आणि सही घेऊन परत यायचं. हीच ती पोच. पैसे घ्यायची नाही, भेट घ्यायची नाही, चहासुद्धा नको म्हणायची. शिक्क्याचा कागद आणून दाखवला की मात्र तो उजेडात धरून बघायची, एखादी सोनाराकडची वस्तू बघावी तशी.

आता गाडी कशाला हवी होती ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीला तेव्हा मिरवायची हौस होती. (हौसही होती म्हणा.)

माझ्या सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या. खुबा मोडला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "पहिल्या चार-पाच महिन्यांत नीट व्यायाम झाला तर चालतील. तो वेळ गेला तर खाट." व्यायामाचं केंद्र घाटकोपरला, आठवड्यातून तीनदा. रिक्षात त्यांना पाय दुमडून बसवायचं म्हणजे त्या किंचाळायच्या, आणि त्यांचा तो चार पायांचा वॉकर दिसला की रिक्षावाले थांबायचेच नाहीत. आतासारखी मोबाइलवर गाडी बोलवायची सोय तेव्हा नव्हती. आठवड्याला तीनाऐवजी जेमतेम एक फेरी व्हायची. आणि गाडी चालवायचं लायसन माझ्याकडे होतं! नवरा म्हणाला होता, "तुला रिव्हर्स जमायचा नाही." तेवढ्यावर मी ते दोन वर्षांपूर्वीच काढून ठेवलं होतं.

नवरा बोटीवर. पंधरवड्यातून एकदा फोन यायचा. आपण बोललेलं त्याच्यापर्यंत उशिरा पोचायचं, त्यामुळे भांडणसुद्धा धड व्हायचं नाही.

"मी आल्यावर बघू गं."

"तू येशील तोवर तुझी आई खाटेला लागेल!"

मग समुद्रापलीकडून, "हॅलो? जेवलीस का?"

बँकेचं म्हणणं, गाडी तुमच्या नावावर असली तरी घर मिस्टरांच्या नावावर, तेव्हा मिस्टरांची सही हवी. त्याआधी त्यांना पगाराचा दाखला हवा होता, मग नवा पगाराचा दाखला, कारण पहिला त्यांच्याच टेबलावर महिनाभर पडून जुना झाला होता. दर वेळी मी "हो साहेब" म्हणायचे. हे 'हो साहेब' आठवलं की आजही स्वतःच्या पाठीत एक रट्टा घालावासा वाटतो.

खोट्या सहीचं ऐकून सासूबाई खाटेवरून मालवणीत म्हणाल्या, "माज्या झिलाची सय कित्याक केलंस? माजो अंगठो घेवचो होतो!" म्हणजे घरात गुन्हेगार एक नव्हती, दोन होत्या.

बाईने मला तिच्या टेबलाशी बसवलं आणि पेन पुढे केलं. "लिही. मी माझ्या पतीच्या नावाने सह्या केल्या, ही माझी चूक आहे. ते कागद मी मागे घेत आहे."

माझा हात थांबला. "बाई, हे लिहून दिलं तर पुरावाच झाला की."

"पुरावा त्यांच्याकडे सत्तावीस जागी आहे. लपवशील तर ते तुला रोज घाबरवतील. लिहून टाकलंस की घाबरवायला काय उरलं?" मग म्हणाली, "आता दुसरा अर्ज. माझा पगार गेली सव्वीस वर्षे याच बँकेत जमा होतो. त्या पगारावर, माझ्या एकटीच्या सहीने कर्ज द्यावे. देता येत नसल्यास कोणत्या नियमाने ते लेखी कळवावे."

"'द्यावे' लिहू की 'द्यावे ही विनंती'?"

"विनंती पहिल्या दीड महिन्यात झाली तुझी."

दुसऱ्या दिवशी शाळेत अर्धी रजा टाकून मी निघाले, तर बाई फाटकाशी सँडल घालून उभी. बँकेत खिडकीवरच्या मुलीने दोन्ही अर्ज घेतले आणि बाजूला ठेवले.

"पोच द्या," बाई म्हणाली.

"साहेब जेवायला गेलेत. ते आल्याशिवाय शिक्का नाही मारता येणार."

मी सवयीने म्हणणार होते, बरं, उद्या येते. बाईने माझा दंड धरला. "जेवू देत की. जेवायची वेळच आहे. आम्ही पण डबा आणलाय."

आणि मग, वाचकहो, त्या थंडगार, काचेच्या, कृत्रिम फुलांच्या बँकेत, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सोफ्यावर तिने डबा उघडला. ज्वारीची भाकरी आणि लसणाचा ठेचा. पहिली दोन मिनिटं कुणाला कळलं नाही. मग वास निघाला. तिथल्या एसीच्या गार हवेने तो इमानेइतबारे प्रत्येक टेबलापर्यंत नेऊन पोचवला. एक गृहस्थ नाकाला रुमाल लावून उठले. खिडकीतली मुलगी मात्र मान उंचावून बघायला लागली. मी शरमेने सोफ्यात रुतत चालले होते. शाळेतली एखादी पालक बघेल तर?

"खा," बाई म्हणाली. "मान वर करून खा. चोरी नाही केली."

"केलीय की, बाई."

"ती लेखी कबूल केलीस. आता जेव."

सुरक्षारक्षक आला. "माँजी, यहाँ खाना मना है।"

"कुठे लिहिलंय?" बाईने विचारलं, आणि त्याच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. तो बिचारा आधी भिंती बघत राहिला, मग तुकडा खाऊन दाराशी गेला. तिखट लागलं असणार, कारण वाटेत पाण्याकडे वळला.

वासाचा माग काढत शेवटी मोठे मॅनेजरच केबिनबाहेर आले. आम्हाला आत बोलावलं. अर्ज वाचले. पहिला वाचताना त्यांच्या भुवया वर गेल्या, दुसरा वाचताना खाली आल्या.

"हे बघा, अशा केसमध्ये मिस्टरांना सहअर्जदार घेतोच आम्ही."

"नियम आहे का?" बाईने विचारलं.

"नियम असा नाही... पद्धत आहे."

"मग त्या पद्धतीचं परिपत्रक दाखवा. जावक क्रमांक, तारीख असेलच."

त्यांनी कर्जखात्यातल्या साहेबांना बोलावलं. साहेबांनी एक जाड फाईल चाळली, मग दुसरी. ती चाळत असताना बाई शांतपणे बोटाला लागलेला ठेचा रुमालाने पुसत होती. आणि मला, आयुष्यात पहिल्यांदा, त्या साहेबांची कीव आली. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनाही कधी कुणी नियम दाखव म्हटलं नव्हतं.

तेव्हा मी तोंड उघडलं. बाई नव्हे, मी. "साहेब, माझ्या सासूबाईंचा दीड महिना तुमच्या टेबलावर गेला. चालायला त्यांना आणखी तीनच महिने आहेत. देणार असाल तर या आठवड्यात सांगा. नसाल तर या कागदावर लिहा, म्हणजे मी दुसऱ्या बँकेत पगारासकट जाते."

हे आपण बोललो यावर माझा विश्वास बसेना. मी बाईकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, जणू ही कोण शिक्षिका, मी हिला ओळखत नाही.

पोच मिळाली. दोन्ही अर्जांवर, गोल शिक्का, जांभळी शाई. केसचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही, आणि नवव्या दिवशी कर्ज. सगळ्या कागदांवर माझी सही, माझ्या नावाची, एकसारखी एकही नाही. स्वतःच्या सहीचा सराव कधी केलाच नव्हता.

लाल रंगाची छोटी गाडी आली. पहिल्याच दिवशी मी ती रिव्हर्समध्ये सोसायटीच्या फाटकावर घातली. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, इथेच वाचेल. सासूबाईंना पुढच्या सीटवर पाय लांब करून बसता आलं. सोमवार, बुधवार, शनिवार, एकही फेरी चुकवली नाही. सिग्नलला शेजारी रिक्षा थांबली की त्या काच खाली करून म्हणायच्या, "जातलंस काय रे घाटकोपराक?" आणि त्याने होकार द्यायच्या आत काच वर.

नवरा आला तेव्हा बेल वाजल्यावर दार त्याच्या आईने उघडलं. काठी होती हातात, पण आई उभी होती. तो बॅग खांद्यावर तशीच घेऊन बघत राहिला. "इलंस?" त्या म्हणाल्या. "चपला भायर काढ." आणि वळून आपल्या पायांनी स्वयंपाकघरात गेल्या. तो तिथेच पायरीवर बसला आणि रडला. मी आतून बघितलं, बाहेर गेले नाही. बोटीवरच्या माणसाला एवढी मोकळीक द्यावी.

बाईला मी किती वेळा म्हटलं, चला, एक चक्कर मारू गाडीतून. "म्हातारीला ने आधी." म्हातारी चालायला लागली तरी, "बघू." तिच्या दाराशी नवीन कोणीतरी बसलेलं असायचंच, पेन्शन अडकलेलं, रेशनकार्डावर सुनेचं नाव चढत नसलेलं. आत तिचा आवाज, "तुझं अक्षर. तुझं."

तिला जाऊन आता तीन वर्षं झाली. तळमजल्याच्या त्या खोलीत हल्ली एक शिकवणीवाली असते. मुलं पाढे म्हणतात. बाईच्या फायली तिच्या मुलाने नेल्या की रद्दीत दिल्या, मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

माझ्या गाडीत ती एकदाच बसली. डोळ्यांच्या तपासणीला घाटकोपरला जायचं होतं आणि डोळ्यांत औषध घालणार म्हणून परत कुणीतरी आणायला हवं होतं. येताना आम्ही सिग्नलला थांबलो. ती काळा चष्मा लावून समोर बघत होती. मी सहज विचारलं, बाई, त्या दिवशी मी खोट्या सह्या केल्याचं सांगितलं, तरी तुम्ही एका शब्दाने रागावला नाहीत, उलट माझ्याबरोबर आलात. का?

तिने चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाली,

"माझ्या खिडकीवर एक बाई यायची. पोराचं नाव जन्मदाखल्यावर चढवायचं होतं. नवरा परगावी, त्याची सही नव्हती. मी तिला तीनदा परत पाठवली. नियम मी पण कधी उघडून बघितला नव्हता. चौथ्यांदा ती आलीच नाही. खोटी सही करून आली असती ना गं, तर मी डोळे मिटून शिक्का मारला असता. चल, गाडी काढ, मागचे हॉर्न मारतायत."