गेणभाऊंच्या फोनमधले देव

आण्याच्या पठारावर कुणाच्या घरात लग्नाचा मुलगा बसून आहे, त्याचं टक्कल कुठवर आलंय आणि ते फोटोत कसं लपवलंय, हे एकाच माणसाला नक्की ठाऊक असतं. तो माणूस म्हणजे आमच्या शेजारचे गेणभाऊ. वय साठीच्या पुढं, मिशी रंगवलेली, भुवया रंगवायच्या राहून गेलेल्या. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. भावाकडं अजून आहेत. गेणभाऊंनी मात्र मेंढरं सोडली आणि माणसं वळायला घेतली. सोयरिकी जमवतात.

"मेंढरू बरं, राव," ते म्हणतात. "त्याला मुलाकडचं पॅकेज इचारायचं नसतं."

हे वाक्य त्यांच्या आवाजात म्हणायचं असेल तर हनुवटी वर करायची, डोळे अर्धे मिटायचे आणि 'राव' नाकातून सोडायचा, उभ्या ट्रकनं हवा सोडल्यासारखा.

खोटं ते बोलत नाहीत. खऱ्याला नुसती इस्त्री मारतात. आता गोकुळचंच बघा. वय तेहतीस, थोडा कांदा आणि घरची मेंढरं. गेणभाऊंच्या फोनमधल्या बायोडाट्यात तो 'प्रगतशील शेतकरी व पशुपालन उद्योजक' आहे. फोटोत त्याच्या अंगात निळा कोट आहे. तोच कोट आळेफाट्याच्या स्टुडिओनं पठारावरच्या निम्म्या पोरांना चिकटवलाय. मुलीकडच्यांनी चार फोटो एकदम बघितले तर त्यांना वाटावं, हे एका कोटाचं स्थळ आहे आणि मुंडकी ऐच्छिक आहेत.

पण गेणभाऊंचा एक नियम मात्र पक्का. साखरपुडा होईपर्यंत या बाजूचा नंबर त्या बाजूला द्यायचा नाही. फोटो, निरोप, रुसवे, फुगवे, सगळं गेणभाऊंच्या फोनवरून जाणार आणि गेणभाऊंच्याच फोनवर येणार. एकदाच त्यांनी राजुरीच्या एका पार्टीला भोळेपणानं नंबर दिला. दोन्ही घरांनी परस्पर ठरवून टाकलं. मध्यस्थाला मांडवात फेटा असतो, पहिल्या रांगेत खुर्ची असते, विहीण-व्याह्यांच्या भेटीत नाव पुकारतात. गेणभाऊंना काय मिळालं? व्हॉट्सॲपवर पत्रिकेची पीडीएफ. तीसुद्धा उघडली नाही.

"नंबर गेला का मान गेला," हे तेव्हापासूनचं त्यांचं बोधवाक्य. सोनीबाई, म्हणजे त्यांची मंडळी, त्यावर चुलीपाशी बसून नुसतं "हूं" करतात. त्या हूंला तीन सूर आहेत आणि तिन्ही अपमानाचे.

तर अशा माणसाच्या फोनला एके दिवशी अपडेट आला.

स्क्रीनवर लिहिलेलं होतं, नवीन व्हर्जन उपलब्ध आहे. गेणभाऊंना फुकट आणि नवीन हे दोन शब्द एकत्र दिसले की हात आवरत नाही. दाबलं. फोन बराच वेळ काळा पडला, मग रंगीत झाला, आणि त्या दिवसापासून आजारी म्हशीसारखा बसला. बायोडाटा उघडायला घेतला की तंबाखू मळून, चोळून, दाढेखाली जाऊन निम्मी संपायची, तेव्हा कुठं मुलाचं कपाळ दिसायचं. नाक यायला चहा लागायचा. फोन वाजायचा, पण उचलायचं हिरवं बटण उगवायचंच नाही. पलीकडचा वैतागून ठेवून द्यायचा, आणि मग बटण यायचं, ऐटीत.

नेमकं त्याच आठवड्यात गोकुळचं जमत आलं होतं. मुलगी मोहिनी, अवसरी खुर्दची, इंजिनिअरिंग कॉलेजच्या रस्त्यावर तिचं स्वतःचं झेरॉक्स आणि मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. गेणभाऊंच्या बायोडाट्यात 'आयटी क्षेत्रात व्यवसाय'. तिनं अट घातली होती: बघायचा कार्यक्रम नको, पोहे नकोत, आधी मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलणार. रविवारी, चार वाजता. अर्थातच गेणभाऊंच्या फोनवर. तिच्या वडलांनी बजावलं होतं, "पावणं, पोरगी परत सवड काढायची न्हाई. समोरच्यांनी फोन उचलला न्हाई म्हणून दोन स्थळं तिनं सोडल्यात."

गोकुळ शनिवारी घाईघाईनं येऊन गेला. "भाऊ, फोनचं तेवढं बघा. न्हाईतर माझा नंबर द्या ना तिला, सरळ लागंल."

"नंबर?" गेणभाऊंचा आवाज एकदम वरच्या पट्टीत. "उद्या म्हणशील मंगलाष्टकं बी मीच म्हणतो!"

मग गेणभाऊ स्वतःच फोन घेऊन आळेफाट्याला गेले. तिथं मोबाईलच्या दुकानात सार्थक नावाचा पोरगा बसतो. तो गिऱ्हाइकाकडं न बघता बोलतो आणि प्रत्येक वाक्य जांभईत संपवतो. त्यानं फोन चाळला.

"काका, स्टोरेज फुल्ल. अपडेटला हलायला जागाच नाय. फोटो उडवा सगळेऽऽ."

"कंचे फोटो?"

"हे काय, गुड मॉर्निंगचे. हजारोंनी आहेतऽऽ."

गेणभाऊंनी वाकून बघितलं. खंडोबा. खंडोबा सूर्योदयासह. बिरोबा. गुलाबाच्या फुलात गणपती. कॉफीच्या कपातून निघालेला दत्त. शुभ सोमवार महादेव, शुभ मंगळवार देवी, शुभ शनिवार मारुती. मुलांचे बाप, मुलींचे मामा, झाडून सगळे त्यांना रोज सकाळी देव पाठवतात, कारण मध्यस्थाला खूश ठेवायचं असतं.

"हे उडवायचं?" गेणभाऊ म्हणाले. "खंडोबाला डिलीट मारू?"

"मग फॅक्टरी रिसेट. सगळंच जाईलऽऽ."

"तुझं दुकान जाईल!" असं म्हणून गेणभाऊंनी फोन हिसकावला आणि घरी आले.

घरी त्यांनी विषय मांडला. जुनं कॅलेंडर, तडा गेलेली तसबीर, हे काही कुणी उकिरड्यात टाकत नाही, नदीला नेतात. फोनमधला देव कुठल्या नदीला न्यायचा? सोनीबाई भाकरी थापत होत्या. थापता थापताच म्हणाल्या, "गणपती कसा उठवता?"

"म्हंजे?"

"उत्तरपूजा करून अक्षता टाकायच्या, जरा हलवायचा. हलवला का देव गेला, मागं राहती ती माती. तसंच हे. देव उठवा, मंग मागं राहील तो नुसता फोटो. मंग मारा तुमची ती डिलीट."

 लग्नाला चाळीस वर्षं होत आली, पण बायकोचं एवढं मोठं वाक्य गेणभाऊंनी हूं वगळून पहिल्यांदा ऐकलं.

रविवारी दुपारी अंगणात पूजा मांडली. पाटावर लाल कापड, कापडावर फोन, फोनला झेंडूचं फूल टेकवलेलं. चार्जरची वायर निरांजनापासून लांब धरायला गोकुळला बसवलं. तो इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता आणि केसांना एवढं तेल लावलं होतं की निरांजनच त्याच्यापासून लांब ठेवायला हवं होतं. भिंतीवरनं आम्ही शेजारचे सगळे बघत होतो, अशी पूजा कोण सोडतंय?

सोनीबाईंनी कुंकवाच्या ओल्या अक्षता टाकल्या, हातावर दही द्यायचं म्हणून स्क्रीनच्या कोपऱ्यावर थेंबभर दहीसुद्धा ठेवलं. गेणभाऊंनी फोन दोन्ही हातांनी धरून उत्तरेला हलवला आणि गहिवरून म्हणाले, "चुकलंमाकलं पोटात घाला. नवीन फोन घेतला का या परत."

मग सिलेक्ट ऑल. मग डिलीट. फोननं विचारलं, नक्की? गेणभाऊंनी डोळे मिटले आणि दाबलं. एका झटक्यात तेहतीस कोटी गेले. त्यांच्या मागोमाग निळ्या कोटातली सगळी पोरंही गेली, ते नंतर कळलं.

आणि फोन? फोन होता तसाच. ढिम्म.

"देव गेले, भूत ऱ्हायलं," सोनीबाई म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. चार. मोहिनीचा व्हिडिओ कॉल. गेणभाऊ बटणाची वाट बघताहेत, बटण येत नाही, गोकुळ मान लांबवून बघतोय. "दाबा ना, भाऊ!" "काय दाबू? काय हाय का दाबायला?" वाजून वाजून आता बंद पडणार, तोच कुंकवाचा एक ओघळ स्क्रीनवरून घरंगळला आणि फोन आपोआप उचलला गेला.

पलीकडं मोहिनीला आधी आभाळ दिसलं. मग झेंडू. मग दही लागलेला एक अंगठा, फार जवळून.

"हॅलो? मामा? काय चाललंय तिकडं?"

लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. गेणभाऊंनी सांगून टाकलं: अपडेट, देव, अक्षता, सगळं. मोहिनी तोंडावर हात ठेवून ऐकत होती आणि खांदे हलत होते. हसू आवरल्यावर दुकानदारीणबाईंच्या आवाजात म्हणाली, तो आवाज म्हणजे पोस्टातला शिक्का, एकेक शब्द ठप्प ठप्प:

"मामा, देव गेले नाहीत. डिलीट केलेले फोटो महिनाभर ट्रॅशमध्ये राहतात. जागा मोकळीच झाली नाही."

"म्हंजे अजून हायेत?" गेणभाऊंनी पटकन फोनला हात जोडले.

"आहेत. अपडेट झाला की फोन आतल्या आत सगळं नव्यानं लावत बसतो. त्याला जागा लागते. तुमच्याकडं पाय ठेवायला जागा नाही."

आतापर्यंत वायर धरून बसलेला गोकुळ एकदम बोलला. कॉल लागल्यापासून पहिल्यांदाच. "म्हंजे वाघुराच्या जाळीत जास्त मेंढरं कोंडल्यावर व्हतं तसं. जाळी तेवढीच, मेंढरं दुप्पट. एक हललं का समदी हलत्यात, अन् कुनीच कुठं जात न्हाई."

मोहिनी स्क्रीनजवळ आली. "कोण बोललं?"

गेणभाऊंनी कॅमेरा वळवला. तेल दिसलं, पांढरा शर्ट दिसला, हातात चार्जर. कोट नव्हता.

"बरोबर बोललात," ती म्हणाली. "मी कॉलेजच्या पोरांना हेच समजवते, त्यांच्या डोक्यात जात नाही. आता ऐका. ट्रॅश रिकामा करायचा, व्हॉट्सॲपचं ऑटो डाऊनलोड बंद करायचं, फोन बंद करून परत सुरू करायचा. पण या कॉलवर असताना होणार नाही, आत्ताच अडकतोय बघा. हा कॉल कट करा, दुसऱ्या फोनवर मी एकेक सांगते. दुसरा नंबर द्या."

अंगणातल्या सगळ्यांनी गोकुळकडं बघितलं.

गोकुळच्या खिशात त्याचा फोन होता. पांढऱ्या शर्टातून त्याचा चौकोन सगळ्यांना दिसत होता. गेणभाऊंना तर फारच दिसत होता.

"हिचा हाय की!" ते एकदम म्हणाले. "सोने, तुझा फोन आण."

"त्यात रिचार्ज कुठं मारलाय तुमी?" सोनीबाई म्हणाल्या. "इनकमिंग बंद होऊन महिना झाला."

गेणभाऊ भिंतीकडं वळले. भिंतीवरची मुंडकी पटापट खाली गेली. आमच्यातल्या एकाचाही नंबर त्या घटकेला कुणाला आठवेना.

"मामा, लवकर. गिऱ्हाईक उभंय," मोहिनी म्हणाली. तिचा चेहरा फोनवर अडकून अडकून पुढं सरकत होता, जुन्या पडद्यावरच्या चित्रासारखा.

गेणभाऊंनी एकदा फोनकडं बघितलं, एकदा गोकुळकडं. तेहतीस वर्षांचा गडी, वायर धरून, भरल्या डोळ्यांनी बघतोय. राजुरीची पीडीएफ त्यांच्या डोळ्यांपुढं आली असणार. हनुवटी वर गेली, डोळे अर्धे मिटले.

"लिवून घे," ते म्हणाले. आणि गोकुळचा नंबर त्यांनी तोंडपाठ सांगितला, आकडा आकडा तोडून, जणू एकेक दात उपटून देताहेत.

कॉल कट झाला. लगेच गोकुळचा वाजला. मग पुढची गंमत अशी की मोहिनी सांगतेय, गोकुळ ऐकून बोलतोय आणि गेणभाऊ करताहेत. "आता ट्रॅश, भाऊ." "आता एम्टी." "आता बंद करा, म्हंत्यात." आयुष्यभर सगळ्यांचे निरोप यांनी पोचवले, आज यांना निरोप येत होते, आणि तेही एका उद्योजकाकडून.

फोन बंद झाला, सुरू झाला, आणि पळायला लागला. बोट लावायच्या आधीच उघडतोय. गेणभाऊंनी बायोडाटे उघडले. कोरे. गॅलरी उघडली. तीही कोरी. एवढा वेगवान फोन, आणि बघायला काहीच नाही.

गोकुळ मात्र शर्टाची बाही वर सारून गोठ्यामागं गेला होता आणि फोनवर बोलतच होता.

"काय म्हंती रे?" गेणभाऊंनी हाक मारली.

"सेफ मोड सांगत्यात."

थोड्या वेळानं, "आता काय म्हंती?"

"किती मेंढरं हायेत इचारत्यात."

त्यावर गेणभाऊ पाटावर बसले. पूजा विस्कटलेली, झेंडू कोमेजलेला, मांडीवर तो चकाचक फोन. वाजत नव्हता. सोनीबाईंनी चहा आणून ठेवला आणि हूं केलं. हा सूर चौथा होता, आम्ही आधी कधी ऐकला नव्हता, आणि त्यात अपमान नव्हता.

चहा निम्मा झाला आणि फोन वाजला. मोहिनीचे वडील. पहिल्याच घंटीला उचलला गेल्यामुळं ते बिचारे दचकले.

"गेणभाऊ, पोरगी हसती ओ. लई दिवसांनी. पोरांनी नंबर घेतला तर घेऊ द्या, पन पुढची बोलनी मी कुनाशी करू? त्या गोकुळाशी? ते वायर धरून बसलेलं पोर! तुमी हाय ना मधी?"

गेणभाऊंची मिशी हळूहळू जागेवर आली. त्यांनी पाय पसरले, घसा खाकरला आणि फोनवर हात दाबून गोठ्याकडं बघत जे ओरडले, ते पठारभर गेलं:

"ए गोकुळ्या! ठेव तो फोन! हितं मोठ्या मानसांची बोलनी चाललीत, तू मधी मधी बोलू नको!"