शून्याची डावी बाजू

महाडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी अकरावीला गणित शिकवतो. शिकवतो कसला, झटपट उत्तर काढायच्या युक्त्या सांगतो. 'छेदात शून्य आलं की इन्फिनिटी लिहा आणि पुढं चला' ही माझी वर्षानुवर्षांची लाडकी युक्ती.

गेल्या वर्षी एक भागिले एक्सची लिमिट घेत होतो, म्हणजे एक्स शून्याजवळ जाताना उत्तर कुठल्या एका संख्येकडे जातं ते. फळ्यावर किमती मांडल्या. ०.१ घातला की दहा, ०.०१ घातला की शंभर, ०.००१ ला हजार. "वाढतच जातंय, म्हणजे इन्फिनिटी," म्हणत मी डस्टर उचलला, तोच तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. उमरठच्या वरच्या वाडीतली. रोज डोंगर उतरून, पोलादपूरला एसटी बदलून यायची आणि वर्गात कधी अवाक्षर काढायची नाही.

"सर, शून्याच्या डावीकडनं आलं तर? उणे ०.०१ ला उणे शंभर येतात. ते खालीच जातंय. मग दोन्हीकडचं उत्तर एक कुठं हाय? लिमिट नायच ना?"

ती बोलत असतानाच मला कळलं की तिचं बरोबर आहे. इतकी वर्षं मी पोरांना अर्धाच आलेख दाखवत आलो होतो. पण समोर साठ जण बसलेले, आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"एवढा डोंगर उतरून मला शिकवायला येतेस का गो? उद्यापासून तूच घे तास."

तो 'गो' मी मुद्दाम तिच्या वाडीच्या बोलीतून उचलला होता. वर्ग खो खो हसला. ती खाली बसली.

त्यानंतरच्या चाचणीत तोच प्रश्न आला. तिनं दोन्ही बाजूंच्या किमती नीट मांडून 'लिमिट अस्तित्वात नाही' असं लिहिलं होतं. गुण दिले असते तर वर्गापुढे माझी चूक कबूल करावी लागली असती. मी लाल रेघ ओढली आणि शून्य दिलं. पडलो तरी नाक वर! आज लिहितानाही लाज वाटते.

पंधरवड्यानं ती स्टाफरूममध्ये आली, हातात विषय बदलायचा अर्ज. गणित सोडून भूगोल. विषयशिक्षकाची सही लागते. कारणाच्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'विषय समजत नाही.'

"तुझं बरोबर होतं," एवढंच म्हणायचं होतं. शेजारी दोन सहकारी चहा पीत बसले होते. मी पेन काढलं आणि सही केली.

"थँक्यू सर," ती म्हणाली. "तुम्ही लय समजावलंत, माझ्याच डोक्यात शिरत नाय."