सलाइनच्या पंपातली चोरवाट

ताईंचं टेबल माझ्या शेजारी. इस्पितळं यंत्रं विकत घेण्याआधी आमच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवतात. नेटवर्कला जोडलेल्या यंत्रात कुणी गुपचूप शिरायला चोरवाट ठेवली आहे का, हे ताई शोधतात. चिपमधला प्रोग्रॅम बाहेर काढायचा आणि डोळ्यांत तेल घालून वाचायचा. अठरा वर्षं हेच. साहेबांच्या विनोदांवर हसत नाहीत, त्यामुळे बढतीही नाही.

गेल्या वर्षी सलाइनचा वेग सांभाळणारा पंप आला. बनवणाऱ्या कंपनीत आपला धाकटा भाऊ प्रोग्रॅम लिहितो, हे ताईंनी पहिल्याच दिवशी लेखी कळवलं. माणसं कमी, म्हणून साहेबांनी कानाडोळा केला.

तिसऱ्या दिवशी पंपात एक छुपं खातं सापडलं. पासवर्ड मात्र हाती लागेना. आठवडाभर आम्ही लाखो शब्द लावून पाहिले, साहेबांनी तर स्वतःच्या सासूचं नावही सुचवलं. शेवटी ताईंनी लहानपणीच्या मांजरीचं नाव टाइप केलं, पुढे तिची शेपूट तुटली ते साल. पंप उघडला. हा पासवर्ड ज्याला ठाऊक, तो कुठूनही कुठल्याही रोग्याचं औषध कमी-जास्त करू शकत होता.

"लबाड नाहीये माझा भाऊ," ताई म्हणाल्या. "दुरुस्तीसाठी गावोगाव फिरायचा कंटाळा, म्हणून घरबसल्या शिरायची सोय केली, बस."

मी सुचवलं, अहवालात नुसतं खातं लिहा, पासवर्ड कळलाच नाही म्हणा. खातं काढून टाकतील, भावाचं नावही निघणार नाही. ताईंनी सगळं लिहिलं. पासवर्ड, आणि तो आपल्याला कसा ठाऊक, तेही.

"रडू येईल असं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "काहीच येत नाहीये." मग डबा उघडून जेवल्या. मला त्यांचा रागच आला.

महिन्याभरात भावाची नोकरी गेली. आई, ताई आणि तो एकाच घरात राहतात. कंपनीनं माणसं कमी केली, एवढंच त्यानं आईला सांगितलं.

परवा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. आई वाढता वाढता ताईंना म्हणाल्या, "तुझ्या एवढ्या ओळखी आहेत. पाठचा भाऊ आहे तुझा, चिकटव की कुठेतरी."

भावानं मान वर केली नाही.

"बघते," ताई म्हणाल्या.