घर कोणाच्या जागेत

वडील वाशिंदच्या एका कारखान्यात होते. कामगार संघटनेची पत्रकं ते घरी आणायचे आणि मी अक्षरं शिकले ती त्यांवरच. म्हणून की काय, लिहिलं की अर्धी लढाई जिंकली, असं मी फार वर्षं मानत होते. कॉलेजात असताना मी माझं पहिलं पत्रक लिहिलं, ते केनियावर. शहापूर तालुक्यातल्या आमच्या गावाला केनियाचं काय, असं वडिलांनीसुद्धा विचारलं. मी म्हटलं, वाचून बघा.

गोऱ्यांनी तिथली सुपीक जमीन बळकावली. गोरे गेले तेव्हा ती राबणाऱ्यांना थोडी आणि खुर्चीजवळ बसणाऱ्यांना जास्त मिळाली. मग निवडणूक आली की खुर्चीवरचा माणूस भुकेल्याला सांगू लागला, तुझा घास पलीकडच्या जमातीनं खाल्ला. जन्मभराच्या शेजाऱ्यांनी एकमेकांची घरं पेटवली. पेटवायला सांगणाऱ्याचं घर मात्र शहरात, कुंपणाच्या आत होतं. एवढंच त्या पत्रकात होतं.

शाळेच्या ओट्यावर मी ते वाचून दाखवलं. माझे चुलत काका सगळ्यांत पुढे बसले होते.

"हरामखोर रं तिकडचे पुढारी," ते म्हणाले. "गरिबाच्या अंगावर गरीब घालतात."

सगळ्यांनी माना हलवल्या. कातकरी वाडीची माणसं ओट्याखाली, मातीत बसून ऐकत होती. ती वर का आली नाहीत, हे मला दिसलं होतं. त्यावर मी काही लिहिलं नाही.

ती वाडी काकांच्या माळावर होती. काकांच्या वडलांना ती जमीन कूळ कायद्यानं मिळालेली, मुरबाडच्या एका सावकाराकडून. ही गोष्ट काका छाती पुढे काढून सांगत. वाडीची घरं त्याच्याही आधीची, पण ती नुसत्या शब्दावर उभी. बदल्यात वाडीनं पेरणीआधी पालापाचोळा जाळून आधी काकांचा राब भाजायचा, पावसात आधी काकांच्या भाताची आवणी, म्हणजे लावणी, करायची, मग दुसरीकडे जायचं. आम्हा कुणब्यांत सावड असते, आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. ज्याला शेतच नाही त्याची सावड फेडणार कुठे? त्याच्या पदरात दिवसाचे तांदूळ पडायचे.

त्या उन्हाळ्यात वाडीतली एक बाई माझ्याकडे आली. ती आमच्याकडेही आवणीला यायची, मी तिला मावशी म्हणायचे. भातसा धरणाचं पाणी मोठ्या नळातून मुंबईला जात होतं आणि वाडी ओहोळात खड्डे उकरून वाटी वाटी पाणी भरत होती. "अर्ज कर गो बाय," ती म्हणाली. "तुला लिवता येतं."

मी यादी करायला वाडीत गेले. घरात माणसं किती, पाणी किती लांब. आणि केनिया डोक्यात भिनलेला असल्यामुळे एक रकाना मी मनानंच वाढवला: घर कोणाच्या जागेत. मावशीनं पहिला अंगठा दिला आणि खरं ते सांगितलं. मी काकांचं नाव लिहिलं. बाकीची वाडी ओहोळावर गेलेली, त्यांचे अंगठे मी तिथेच घाईत घेतले; तो रकाना भरला तो एका मावशीच्याच घरापुढे. अर्ज तहसील कचेरीत दिला आणि झेरॉक्स काढून गावात वाटल्या. फार अभिमानानं वाटल्या.

निवडणूक जवळ आली होती. आठवड्यानं एक पुढारी जीपमधून काकांच्या ओटीवर आला, तेव्हा त्याच्या हातात माझीच झेरॉक्स होती. पाणी द्यायला मी तिथे गेले होते.

"तुमची पुतणी हुशार हाय," तो हसत म्हणाला. "कातकरणीला कूळ करून दिली."

"पाण्याचा अर्ज हाय तो," काका म्हणाले.

"आज पाणी. उद्या जागा. तुमच्या बापानं कशी मिळवली, विसरलात काय? एक घर कागदावर बसलं की सगळी वाडी बसंल. मग आपल्या समाजानं जायचं कुठं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. तसं त्यांनी माझ्याकडे आधी कधी पाहिलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मावशी आमच्या मागच्या दाराशी आली. "माझं नाव काढ."

"मावशी, तू खोटं थोडीच सांगितलंस? खऱ्याला काय भ्यायचं?"

"खरं बोलाय तुला जागा हाय, बाय."

मी ऐकलं नाही. माघार घ्यायची नसते, हे मी पत्रकांतून शिकले होते. दोन दिवस मी तिला हक्काच्या गोष्टी सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी वाडीचं कोणी काकांच्या बांधावर कामाला दिसलं नाही. त्यांना बोलावलंच नव्हतं. मग मी घाबरून शहापूर गाठलं. कारकून म्हणाला, दाखल झालेल्या अर्जातलं नाव असं खोडता येत नाही.

परत आले तेव्हा माळावर खांब रोवले जात होते. कुंपणाची रेघ बाकीची वाडी बाहेर ठेवून फक्त मावशीचं घर आत घेत होती. पुढाऱ्याची तीन-चार पोरं झाडाखाली बसून बघत होती. वडील कारखान्याच्या कपड्यांतच धावत गेले.

"दादा, तिला पावसाळा तरी काढू दे."

"वाशिंदला तू कामगारांचा पुढारी," काका शांतपणे म्हणाले. "हितं तू माझा भाऊ हायेस. कुणाकडून हायेस ते आज सगळ्यांसमोर सांग."

वडील खाली बघत घराकडे वळले.

मावशीनं दुसऱ्या दिवशी सकाळी घर उतरवायला घेतलं. जागा काकांची, पण कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या तिनं स्वतः रानातून आणलेल्या. तिचा नवरा वासे मोकळे करत होता, ती कारवीच्या मोळ्या बांधत होती. भर दिवसा वाडीतल्या बाकीच्या घरांची दारं लावलेली होती. मी पुढे होऊन एका मोळीला हात घातला.

"हात नको लावू," ती न बघता म्हणाली. झाडाखालची पोरं उठून उभी राहिली होती. "तू जिच्या कामाला हात लावशील, तिच्या घराभवती ते उद्या खांब रोवतील."