वित्याच्या अंगणातला कललेला पॉपलर

किरगिझस्तानातल्या चुय खोऱ्यात कुणाचं झाड कललं की लोक मंबेतालीला बोलावत. सरळ झाड कुणीही पाडतं, पण कललेलं झाड माणसाचा घास घेतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं होतं. मंबेताली सहासष्ट वर्षांचा, आखूड मानेचा, कमी बोलणारा. झाडापाशी गेला की आधी करवत खाली ठेवायचा. मग कुऱ्हाड दांड्याच्या टोकाला धरून लोंबती सोडायचा, एक डोळा मिटून तिच्या रेषेवरून खोड किती ढळलंय ते बघायचा.

ही रीत त्याची एकट्याची नव्हती. अर्धी वित्याची होती.

वित्या पेनर जर्मन आळीतला. दोघं एकाच धुळीत वाढले, त्यामुळे वित्याची किरगिझ भाषा मंबेतालीइतकीच पक्की, शिव्यांसकट. पुढे चौदा वर्षं दोघं वरच्या घळीत, सरकारी जंगलात एकाच करवतीच्या दोन टोकांना होते. दोघांच्या करवतीचा एकच नियम असतो: आपल्याकडे ओढायचं, समोरच्याकडे ढकलायचं नाही. त्याची पाळी आली की हात सैल सोडायचा. चौदा वर्षं असा हात सोडत राहिलं की समोरच्याचं मन कुठे आहे तेही मुठीत कळतं. बायकोशी भांडून आलेला वित्या पहिल्या दोन ओढींत ओळखू यायचा.

सोव्हिएत देश फुटला तेव्हा जर्मन आळी रिकामी व्हायला लागली. वित्याही बायकापोरांसकट जर्मनीला गेला. पहिल्या वर्षी चार पत्रं आली, मग नाताळाला एक कार्ड, मग काहीच नाही. मंबेतालीने पेट्रोलवरची करवत घेतली. काम दुपटीने व्हायचं. पण त्या यंत्राला दुसरं टोक नव्हतं, आणि कित्येकदा कापता कापता त्याचा हात उगाच सैल पडायचा.

पेनरांच्या घरात आता गुलसून एजे, म्हणजे गुलसूनताई, राहायची. अंगणातला पॉपलर वित्याच्या बापाने लावलेला. वाऱ्याने तो गल्लीवर झुकत चालला होता. गुलसून तीन वर्षं मंबेतालीच्या मागे लागली होती.

"यंदा रस चढलाय, पानगळीनंतर बघू," तो म्हणायचा. पानगळ झाली की म्हणायचा, "लाकूड गोठलंय, तडकेल."

"मंबेत, अख्ख्या खोऱ्याची झाडं पाडलीस, माझ्याच झाडाला मुहूर्त लागतो होय रे?" गुलसून म्हणाली. "गल्लीतून पोरं शाळेत जातात. एखाद्याच्या डोक्यात पडल्यावर येणारेस का?"

शेवटी मे महिन्यातल्या एका रविवारी यायचं त्याने कबूल केलं.

त्या रविवारी अंगणात एक परकी बाई चहा पीत बसली होती. गुलसूनने तिच्यापुढे नान आणि सायीचा वाडगा ठेवला होता. बाई उठली आणि मोडक्या रशियनमध्ये म्हणाली, "मी लेना. विक्टर पेनरची मुलगी. आम्ही इथून गेलो तेव्हा सहा वर्षांची होते."

मंबेतालीने तिचे कान पाहिले. वित्याचेच कान.

"जिवंत आहे?" त्याने विचारलं.

"आहेत. पण विसरलेत सगळं. मला ओळखत नाहीत. जर्मन गेली, रशियनही गेली. दिवसभर काहीतरी बोलत असतात, आम्हाला कुणालाच कळत नाही." ती थांबली. "टेबलाशी बसतात आणि हात असे पुढेमागे करतात. डॉक्टर म्हणतात, सवय असेल कसलीतरी."

तिने हात करून दाखवला. ओढ, मग सैल. मंबेतालीने करवत खाली ठेवली.

"फोन लाव," तो म्हणाला.

पडद्यावर एक वाळका म्हातारा दिसला. शेजारी परिचारिका होती. म्हाताऱ्याची नजर पडद्याला लागेना.

"वित्या," मंबेताली किरगिझमध्ये म्हणाला, "मंबेत बोलतोय. तुझ्या बापाचा पॉपलर कललाय रे. आज पाडतोय."

वित्या खिडकीकडे बघत राहिला. लेनाने फोन मागे घ्यायला हात पुढे केला, तेवढ्यात म्हातारा बोलला.

"कुठे कललाय?"

"गल्लीकडे."

"किती?"

"चांगला दीड हात."

"मग मागून कापत सुटू नकोस, गाढवा. उभा फाटून छातीवर येईल. साखळी बांध. पाठ शेवटी."

"पाठ शेवटी," मंबेताली म्हणाला. वित्या पुन्हा खिडकीकडे बघायला लागला होता.

त्याने गल्ली दोन्ही बाजूंनी बंद करवली. स्वतःला मागे तिरकं पळता यावं म्हणून वाट साफ केली. कापायच्या जागेच्या वर खोडाला साखळी आवळली. झुकल्या बाजूला उथळ खाच घेतली. मग करवतीचं टोक बाजूने खोडात खुपसलं. खाचेमागे चार बोटं लाकूड बिजागरीसारखं राखलं, पाठीकडे एक पट्टा राखला आणि मधलं सगळं कापून काढलं. झाड हललंही नाही. तो पट्टाच आता त्याला मागून धरून होता. मंबेताली बाजूला सरून उभा राहिला आणि पट्टा मागून कापला. पॉपलर एकदम सुटला, गल्लीत आखल्यासारखा आडवा झाला. गोठ्याचं एक कौलही हललं नाही.

धूळ बसल्यावर लेना जवळ आली. "काय म्हणाले बाबा?"

"गाढव म्हणाला मला."

ती हसली आणि हसता हसता रडली. मग तिने पर्समधून एक चिठ्ठी काढली. बाप घरी जे शब्द पुन्हा पुन्हा बोलायचा ते तिने ऐकू आले तसे लिहून ठेवले होते, तीन वर्षांपासून. मंबेतालीने चष्मा लावला आणि एकेक किरगिझ शब्द तिला रशियनमध्ये सांगत गेला. ओढ. सोड. भूक लागली. पाऊस येतोय. मंबेत कुठे गेला.

शेवटची ओळ त्याने मनातच वाचली. नळावर जाऊन तोंड धुऊन आला, मग सांगितली.

लेना परत गेल्यापासून दर रविवारी दुपारी ती फोन लावून बापासमोर ठेवते. मंबेताली आठवड्यात कुठलं झाड पाडलं, ते कुठे कललं होतं, लाकूड कसं निघालं ते सांगतो. कधी वित्या विचारतो, "किती?" बहुतेकदा नुसता श्वास ऐकू येतो. मंबेताली मग बोलायचं थांबतो आणि त्याची पाळी आहे असं धरून वाट बघतो.