जर्मनचा आरसा

मोटारसायकलच्या इंजिनाचं झाकण मी धुण्याच्या सोड्यात उकळलं. तेलकट आहे, स्वच्छ निघेल, एवढाच विचार. थोड्या वेळाने घमेल्यातून काढलं तर काळंकुट्ट!

बायको मागेच उभी होती.

"जर्मनच्या गंजाले कोनी सोडा लावते का? माह्या आईनं मले लहानपनीच सांगतलं होतं."

आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मन म्हणतात. गंज, म्हणजे पातेलं, जर्मनचा असतो हे मला ठाऊक होतं, इंजिनाचं झाकणही जर्मनचंच असतं हे नव्हतं. त्यात गाडी माझी नव्हती. बायकोच्या मोठ्या भावाची होती, आणि त्याचं माझं बोलणं बंद होतं.

ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही वर्ध्याजवळ पिपरी मेघेत भाड्याने राहत होतो. मेव्हणा आर्वीकडे शेती करायचा. नात्यातल्या एका लग्नात, भरल्या पंगतीत तो म्हणाला होता, "आमच्या जवायाले खिळा ठोकता येत नाई." पंगत हसली. मी भरल्या ताटावरून उठलो. तेव्हापासून बायको एकटीच एसटीने माहेरी जायची, आणि मी 'कामं आहेत' म्हणून घरी बसायचो. कामं म्हणजे वर्तमानपत्र.

त्या मे महिन्यात त्याला रेल्वेने भुसावळला एका लग्नाला जायचं होतं. गाडी आमच्या अंगणात लावताना तो बहिणीला म्हणाला, "बाई, गाडी ठेवून राह्यलो. त्यायले म्हना, हात लावू नका." 'त्यायले' म्हणजे मी. हातभरावर खुर्चीत बसलो होतो.

तरी बायको हरखली. आपल्या दारात गाडी ठेवली, म्हणजे भाऊ नरमला. परत आला की दोघांना शेजारी बसवून आमरस वाढायचा, एवढं एक तिने मनात धरलं होतं. मी मनात खिळा धरला होता. गाडी अशी साफ करीन, की भरल्या पंगतीत शब्द मागे घेईल!

आता झाकणच काळं पडलेलं. मी हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपर आणले. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. पाणी लावून घासायचं. उभ्या ओरखड्यांवर आडवं, आडव्यांवर उभं, आधीचे पुसले जाईपर्यंत. टेबलफॅनची पाती काढून दांडीवर जुन्या ब्लँकेटची चकती बसवली. झाकण टेकवलं की पंखा थांबायचा. वर्ध्याचा मे महिना, आणि पंखा माझ्या कामाला जुंपलेला. घरात मला कुणी पाणीसुद्धा विचारेना. शेवटी चकती हातात घेतली आणि पॉलिशची ट्यूब लावून घासत बसलो. फडकं जितकं काळं होईल तितकं झाकण उजळत गेलं. नखांतली काजळी पाहून ऑफिसात एकाने विचारलं, "कोळशाच्या वखारीत लागले का?"

पण आरसा झाला! त्यात मला माझ्या नाकातले केस मोजता आले असते. निम्मं काम सोडणारा मी नव्हे. झाकणाची मागची कडसुद्धा तितक्याच मायेने चकचकीत केली आणि झाकण बसवून टाकलं.

मेव्हणा आला तो सरळ गाडीपाशी. उकिडवा बसला.

"बाई, गाडीले कोनं हात लावला?"

"त्यायनं."

"काऊन?"

"घाण होती," मी म्हणालो.

"माह्यी घान होती. तुमाले काय करा लागते?"

"दादा, पानं वाढली. हात धुवा," बायको मध्येच म्हणाली.

"पयले गाडी पायतो."

किक मारून तो गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. उतरला तेव्हा लग्नातल्या पांढऱ्या पायजम्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत तेलाने काळा. अंगणात टपटप तेल गळत होतं. त्याने झाकण उघडलं आणि कडेवरून बोट फिरवलं.

"ही कड कोनं घासली?"

"मीच! बघा, तीही चमकते."

"जवाईबापू, ही चमकवाची नसते! इथं तेल अडवाचं पॅकिंग बसते. सपाट पायजे. तुमी तं घासू घासू गोल करून ठेवली."

"मग आधी सांगायचं."

"हात लावू नका म्हनून सांगतलं नव्हतं?"

मी आवाज चढवला. तोही चढला. "तुमी मुद्दाम केलं."

"मुद्दाम बिघडवायला मला इंजिन कळायला हवं!"

"हेच तं मी पंगतीत बोललो होतो!"

मग मी नको ते बोललो. गाडी त्याच्या सासऱ्याने दिलेली, तोरा मात्र स्वतःचा, असं काहीतरी. शेजारीण भिंतीवरून डोकावत होती, हेही मी पाहिलं, आणि तरी बोललो.

त्याने पिशवी उचलली. "बाई, गाडीले मिस्त्री पाठवतो. मी या दारात येत नाई आता. तूबी याचं आयकून रायजो इथंच." आणि तेलकट पायजम्याने एसटी स्टँडकडे चालू लागला.

घरात दोन पानं वाढलेली, आमरसाच्या वाट्या भरलेल्या. भावाच्या पाटावर बायको स्वतः बसली. जेवली. मी दाराशी काळे हात घेऊन उभा. हात धुऊन आल्यावर ती म्हणाली,

"तुमी दोघं बोला, नाई तं नका बोलू. तुमचं जुळवता जुळवता माह्यं माहेर तुटून राह्यलं. आता बस. मी आर्वीले जाईन. माह्या भावाले बलावीन, तोबी येईन, आपल्या बहिनीच्या घरी येईन. तो आला का तुमी मांगच्या दारानं भायेर जात जा."